कोरा बिल्ला

१

सकाळचा चहा झाला की वैजनाथ कराळे मागच्या खोलीत जायचे, कपाटाच्या काचेवरून मऊ फडकं फिरवायचे आणि आतल्या बिल्ल्यांकडे नुसते बघत उभे राहायचे. हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही, हा दुसरा. पितळेवर वर्षानुवर्षं जो तपकिरी, काळपट रंग चढतो तोच त्या बिल्ल्याचा जीव, तो घासून काढला की हातात उरतो नुसता पत्र्याचा तुकडा. हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तावातावानं सांगायचे. पण भिंगारच्या त्या घरात येत-जात होतं कोण? गॅसवाला आणि कुरियरवाला. त्यांनी तरी किती ऐकायचं!

बिल्ले सगळे बेटांचे. इंग्रजांनी आपल्या ताब्यातल्या बेटांवर पायदळ पलटणी उभ्या केल्या होत्या. सिलोन, मॉरिशस, फिजी, जमैका, त्रिनिदाद, माल्टा. त्या पलटणींच्या टोप्यांवरचे आणि खांद्यांवरचे हे पितळी बिल्ले. कुणावर हत्ती, कुणावर हरीण, कुणावर मगर, कुणावर जहाजाचा नांगर. आता नगरच्या माणसाचा आणि त्या बेटांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. विचारा, सगळ्यांनी विचारून झालंय. वैजनाथरावांनी समुद्र पाहिला तो एकदाच, अलिबागला, आणि तेव्हाही त्यांची चप्पल वाहून गेली. पण लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपरची सिव्हिलियन नोकरी करताना भंगाराच्या ढिगात त्यांना पहिला बिल्ला सापडला आणि तो नेमका एका बेटाचा निघाला. शिवाय मराठा, राजपूत, गुरखा पलटणींचे बिल्ले जमवणारे गल्लोगल्ली पडलेत, त्या गर्दीत आपल्याला कोण विचारतो? बेटांचे बिल्ले जमवणारा जिल्ह्यात आपण एकटे, एवढं तरी म्हणता येईल.

हे 'एवढं तरी' त्यांना फार मोठं होतं. कारण वैजनाथराव हा माणूस मुळात कुणाच्या लक्षातच राहायचा नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी नेमका त्यांच्या पत्रावळीला वळसा घालून पुढे जायचा. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण झकास केलं, पण ते शेजारी बसलेल्या माणसाबद्दल. हार मात्र यांच्या गळ्यात. अशा माणसाला पुण्याहून श्रीमंत भापकरांचा फोन आला. हे भापकर संग्राहकांच्या मंडळाचे सर्वेसर्वा. म्हणाले, "कराळेसाहेब, जानेवारीच्या प्रदर्शनात तुम्हाला अख्खं टेबल देतो. वर तुमच्या नावाची पाटी." फोन ठेवल्यावर वैजनाथरावांनी बायकोला पुन्हा पुन्हा सांगितलं, "नावाची पाटी, जया. माझ्या नावाची."

छळत होता तो फक्त एक बिल्ला. कोल्हारच्या भंगारवाल्याकडून आणलेला. मधोमध एक झाड, नारळाचं की ताडाचं ते कळत नाही. खाली एक पट्टी आणि पट्टीवर झिजलेली अक्षरं. पहिलं आणि शेवटचं कसंबसं ओळखू यायचं, मधली साफ गेलेली. कुठल्या बेटाचा हा? पुस्तकं पालथी घातली, परदेशातल्या लोकांना फोटो पाठवले, कुणालाच सांगता येईना. रोज भिंग घेऊन बसायचं आणि रोज चरफडत उठायचं, असं चाललं होतं.

२

खंडेनवमीच्या दिवशी ते कपाटात अंथरायला बनातीचं जाड हिरवं कापड आणायला नगरला गेले. एक दुकान बंद. दुसऱ्यात बनात होती, पण निळी. तिसऱ्यातला माणूस म्हणाला, कॅरमचं कापड चालेल का? वैजनाथराव वैतागून रिकाम्या हातानं घरी आले, आणि दारातच थबकले.

देवघरापुढे पाटावर विळा, कोयता, पक्कड, पाने, शिवणाची कात्री असं सगळं मांडलेलं होतं. हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. आणि मधोमध, लखलखीत घासलेला, कोल्हारचा बिल्ला. सकाळी भिंगाखाली टेबलावर ठेवून गेले होते तोच.

"जया!"

जयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"हे काय करून ठेवलंस?"

"पूजा केली. आज हत्यारांची पूजा असती ना?"

"हे हत्यार आहे? हे?"

"शिपायाचं हाय म्हनून तुमीच सांगता की. मग विळ्याकोयत्याला हळदकुंकू वाहायचं आन् शिपायाचं तेवढं काळंढुस्स ठिवायचं? लई मळलं हुतं, म्हनून चिंच-राखंनं घासलं."

वैजनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बिल्ला उचलला, भिंग लावलं. पट्टीवरची होती नव्हती ती दोन अक्षरंही गेली होती. रेघांच्या सांध्यात राखेचे कण तेवढे अडकले होते. बेट कुठलं हे आता कधीच कळणार नव्हतं.

पाटाशेजारी एक ताट वाढलेलं त्यांना मग दिसलं. पुरणपोळी, आमटी, भात, भजी.

"आणि हे कुणाला?"

जयाबाईंचं माहेर पाथर्डीकडचं. घरातली निम्मी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी. निघण्याआधी कोयते पुजायचे आणि ज्याचा कोयता त्याला नाव घेऊन हाक मारायची, समोर बसवून जेवू घालायचं. माणूस वारला असला आणि कोयता घरात असला, तरी त्याच्या नावानं ताट पडायचंच. त्यांच्या घरचा रिवाज.

"त्या शिपायाचं नाव ठावं न्हाई," जयाबाई म्हणाल्या. "म्हनून म्हनलं, ज्याचं आसंल त्यानं यावं, जेवून जावं, हे घर आपलंच समजावं. आसंच म्हनत्यात आमच्यात. त्यात काय चुकलं?"

यावर वैजनाथराव जे बोलले ते सणाच्या दिवशी बोलायचं नव्हतं. अडाणी म्हणाले, माहेर काढलं, ऊसतोडीचा कोयता काढला. जयाबाई न जेवता पडून राहिल्या. संध्याकाळी त्या गाईला घालायला ताट उचलायला गेल्या, तर ताट रिकामं होतं, नुसतं रिकामं नाही, पुसून घेतल्यासारखं लख्ख. रागाच्या भरात ह्यांनीच खाल्लं असणार, असं त्यांना वाटलं. वैजनाथरावांना वाटलं, हिनंच उचललं. दोघं एकमेकांशी बोलतच नव्हती, मग विचारणार कोण?

३

आता घासलेलं पितळ काही कायम चमकत नाही. हात लागला नाही तर आठवडाभरात मंद होतं, महिन्याभरात तांबूस पडतं. वैजनाथरावांनी बिल्ला कपाटात ठेवला आणि त्यावर पुन्हा रंग चढायची वाट बघत बसले. रंग चढेना. उलट रोज सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा जास्त चमकायचा.

मग एका सकाळी त्याच्या शेजारचा हत्ती चमकताना दिसला.

"तू पुन्हा हात लावलास?"

"न्हाई लावला."

"मग हत्ती काय आपण होऊन अंघोळ करून आला?"

"आवो, देवाशप्पत न्हाई लावला! मला काय कामधंदे न्हाईत व्हय?"

दुसऱ्या दिवशी हरीण. मग मगर. मग नांगर. वैजनाथरावांनी कपाटाला नवं कुलूप आणलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. झोपतानाही ती पोटाला टोचायची. सकाळी कुलूप जसंच्या तसं, आणि आत आणखी एक बिल्ला झळझळीत. माणसानं करावं तरी काय!

त्यांचं डोकं तसं हिशेबी. त्यांनी सगळे बिल्ले भिंगाखाली घेतले. जयानं घासलं होतं तेव्हा सांध्यात राख राहिली होती. आता कुठेच काही नव्हतं, आणि बिल्ल्याखालच्या कापडावर पॉलिशचा साधा डागही नव्हता. शिपाई परेडच्या आधी घासतात ते असं. बिल्ल्यामागे एक खाच पाडलेली पट्टी सरकवायची, म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही. वैजनाथरावांनी हे पुस्तकात वाचलेलं होतं. जयाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

म्हणजे जया नव्हे. मग कोण? हवेतला काही वायू असेल. काचेतून ऊन येऊन पितळेवर काही परिणाम होत असेल. नव्या कुलपाला दुसरी किल्ली असेल. त्यांनी एकेक कारण काढलं आणि एकेक स्वतःच खोडलं. 'जया नव्हे' एवढं मात्र त्यांनी जयाबाईंना सांगितलं नाही. माफी मागायची त्यांना सवयच नव्हती.

४

शेवटी एका दुपारी, जेवण झाल्यावर, ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. डोळ्यांत तेल घालून बघायचंच, असं ठरवून.

बाहेर रखरखीत ऊन होतं. सज्ज्यावर पारवे घुमत होते, पंखा कुरकुरत होता, स्वयंपाकघरात जयाबाई भांडी लावत होत्या. सगळं रोजचं. वैजनाथरावांना स्वतःचंच हसू आलं. साठी उलटलेला माणूस, भर दुपारी, पितळेच्या तुकड्यांवर पहारा देतोय.

मग पारवे उडाले. आणि त्यांना ब्रशचा आवाज आला.

खस्, खस्, खस्. मग थांबलं. मग कुणीतरी तोंड उघडून गरम श्वास सोडला, हाऽऽ. आपण चष्मा पुसण्याआधी काचेवर सोडतो तसा. पुन्हा खस्, खस्.

उंदीर असेल, वैजनाथरावांनी मनाशी म्हटलं. शेजारच्या घरात कुणी चपला घासत असेल. पंख्याची पाती असतील. हाऽऽ. आवाज शेजारच्या घरातून येत नव्हता. ते खुर्चीतून पुढे वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत. कपाटाच्या काचेवर वाफेचा एक ठिपका उमटला होता. त्यांनी तो बोटानं पुसला. पुसला जाईना. त्यांनी बाही घासली. ठिपका तसाच, आणि हळूहळू मोठा होत होता.

वाफ आतल्या बाजूनं धरलेली होती.

त्यांनी जयाबाईंना हाक मारायला तोंड उघडलं. पुढचं त्यांना आठवत नाही. भान आलं तेव्हा ऊन उतरलं होतं, जयाबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या आणि ते स्वतः जमिनीवर मांडी घालून बसलेले होते. कपाटाची दारं उघडी, किल्ली कुलपात. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कोळशासारखी काळी. पितळ घासलं की बोटं अशीच होतात.

५

"म्हणजे मीच," वैजनाथराव म्हणाले. त्यांना रडावं की सुटल्याचा श्वास घ्यावा ते कळेना. "झोपेत चालतात ना लोक, तसं. मीच घासतोय. मीच सत्यानाश करून घेतला माझा!"

जयाबाईंनी कप खाली ठेवला. त्या उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. आत येईनात.

"तू बघितलंस मला?"

"बघितलं."

"मग उठवलं का नाहीस? तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

"तुमी मला शिव्या देता, म्हनून न्हाई उठिवलं." त्या म्हणाल्या. "आन् तुमी कामात हुते."

"कसल्या कामात?"

"तुमी एक घासायचे आन् बाजूला द्यायचे. मग बाजूनं दुसरा यायचा. तो घासायचे. पुन्यांदा बाजूला."

"बाजूला म्हणजे जमिनीवर ठेवायचो?"

"न्हाई." जयाबाईंनी हात पुढे करून दाखवलं. जमिनीपासून वर, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. "हितं द्यायचे. आन् हितनंच यायचा."



"बाजूला कोण होतं, जया?"

"म्या न्हाई बघितलं."

"तू दारात होतीस!"

"म्या मान वळिवली आन् गॅसकडं गेले," जयाबाई म्हणाल्या. "आवो, आपुन ते समदं नदीत सोडून येऊ. माजं चुकलं. म्या नाव न घेता हाक मारली. आशी हाक मारू नये, माजी आय म्हनायची. आपुन उद्याच जाऊ, पाया पडते."

आणि बघा, त्या घडीला तरी या माणसानं ऐकावं! पण नाही. वैजनाथरावांना टेबल दिसत होतं, पाटी दिसत होती. "जानेवारी होऊ दे," ते म्हणाले, "मग बघू. आणि असलं काहीतरी बरळू नकोस. माझी झोपेची तक्रार आहे, डॉक्टरला दाखवतो."

६

दिवाळी झाल्यावर श्रीमंत भापकरांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी फोटो मागवले. वैजनाथरावांनी एकेका बिल्ल्याचा फोटो काढून पाठवला. तासाभरात फोन आला.

"कराळेसाहेब, हे काय पाठवलंत?"

"का? काय झालं? थोडे घासले गेलेत, ते मी सांगणारच होतो..."

"घासले गेलेत? अहो, कोरे आहेत हे! चकत्या आहेत नुसत्या. हत्ती कुठाय? मगर कुठाय? माझी थट्टा करताय का?"

वैजनाथराव मागच्या खोलीत धावले. रोज बघत होते, म्हणूनच कदाचित त्यांना दिसलं नव्हतं. हत्तीची सोंड गेली होती, पाय गेले होते, उरला होता एक फुगवटा. हरणाची शिंगं गेली होती. मगर म्हणजे नुसता एक लांबट उंचवटा. अक्षरं कुठेच नव्हती. सिलोन कुठलं आणि फिजी कुठलं, ते आता त्यांनाही सांगता येत नव्हतं. सगळे बिल्ले एकाच बेटाचे दिसत होते. कोल्हारच्या बिल्ल्याच्या.

"ऐका ना, भापकरसाहेब, मी जुने फोटो पाठवतो. चांगले होते हो ते, तुम्ही पाहिलेत..."

"मी टेबल दुसऱ्यांना देतोय," भापकर म्हणाले. "सॉरी हं... काय नाव म्हणालात तुमचं?"

फोन बंद झाला. वैजनाथरावांनी तो पलंगावर आपटला. मग उचलला, परत लावायला. पण फोन उघडेना. रोज अंगठा ठेवला की उघडायचा. त्यांनी अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला. नाही. शेवटी त्यांनी टेबलावरचं भिंग उचललं आणि स्वतःच्या अंगठ्यावर धरलं.

अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. कातडी ताणल्यासारखी गुळगुळीत, आणि खिडकीच्या उजेडात किंचित चमकणारी.

त्या संध्याकाळी ते आपण होऊन म्हणाले, "जया, आपण ते नदीत सोडू." जयाबाईंनी मान हलवली. पण कपाट उघडून बघतात तर त्यात एकही बिल्ला नव्हता. आतल्या कापडावर त्यांचे ठसे तेवढे होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर. आणि ओळीच्या शेवटी एकाची जागा मोकळी सोडलेली.

७

नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवावं लागतं. हयातीचा दाखला. तो काढायला सकाळी वैजनाथराव भिंगारच्या बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवर गेले. जयाबाई बरोबर होत्या. बिल्ले गेल्यापासून त्या नवऱ्याला एकटं सोडत नव्हत्या. हातात भाजीची जड पिशवी होती. वैजनाथरावांनी ती कधी धरली नव्हती, आजही धरली नाही.

सेंटर चालवणारी मोनिका हसतमुख होती. "बसा काका. अंगठा ठेवा."

मशीननं लाल दिवा दाखवला.

"पुसा जरा. हां, आता ठेवा. नाही येत. तर्जनी ठेवा. दुसऱ्या हाताची ठेवा. काका, काही काम करता का सिमेंटचं वगैरे? लोकांची बोटं झिजतात ना त्यानं."

"मी स्टोअरकीपर होतो," वैजनाथराव म्हणाले.

"हं," मोनिका म्हणाली. दहाही बोटं झाली. एकही उमटलं नाही. मागे बाकावर म्हातारी माणसं खोकत, कुरकुरत होती. वैजनाथरावांना घाम फुटला होता. "अगं, मी समोर बसलोय!" ते ओरडले. "दिसतोय ना तुला? मग अजून काय पाहिजे जिवंत असायला?"

"चिडू नका ना, काका. चेहऱ्यावरून पण होतं आता." तिनं मोबाईल स्टँडवर लावून त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, कॅमेऱ्यात बघायचं. चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली की डोळे मिचकवायचे. बस."

वैजनाथरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यात ते होते. मागे भिंत, भिंतीवर कॅलेंडर. हिरवी चौकट आली, थरथरली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून डावीकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. नुसती भिंत. चौकट त्या भिंतीवर त्यांच्याच डोक्याच्या उंचीला स्थिर झाली. मग तिच्या पलीकडे आणखी एक चौकट उमटली. मग आणखी एक. सगळ्या एका ओळीत.

"मागच्यांनी जरा बाजूला व्हा," मोनिका बाकाकडे न बघताच म्हणाली. "एकच चेहरा पाहिजे."

पलीकडच्या चौकटी एकेक करून विझल्या. जवळची तेवढी राहिली.

"हं काका, मिचकवा."

वैजनाथराव डोळे ताणून बघत होते. पापणी हलवायची त्यांची छातीच झाली नाही.

मोबाईल टिंग करून वाजला. "झालं!" मोनिका म्हणाली. "जुळला चेहरा."

"मी डोळे मिचकवले नाहीत," वैजनाथराव म्हणाले. "अगं ए, ऐकतेस का? मी मिचकवलेच नाहीत!"

मोनिकानं दाखला छापला आणि हात लांब करून पुढे धरला, वैजनाथरावांच्या डावीकडे. तो तिच्या हातातून घेतला गेला. "काकू, झालं बघा काकांचं. उगाच घाबरत होते."

जयाबाई पुढे आल्या. त्यांनी वैजनाथरावांच्या शेजारी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. कितीतरी दिवसांत झाला नव्हता इतका. "बरं झालं बया," त्या म्हणाल्या. "चला. उन्हाच्या आत घरी जाऊ."

"जया! मी इथं आहे. जया, इकडं बघ!"

त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण उठता येईना. डाव्या खांद्याला एक खांदा घट्ट लागला होता. उजव्याला दुसरा. जाड लोकरीच्या कापडाचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास येत होता. त्या खांद्यांना ढकलून बघितलं, ते ढळेनात.

दारातून जयाबाई रस्त्यावर उतरताना त्यांना दिसल्या. शेजारी एक माणूस चालत होता, वैजनाथरावांचाच चौकड्यांचा शर्ट घातलेला, पाठ ताठ. त्यानं जयाबाईंच्या हातातली भाजीची पिशवी काढून स्वतःकडे घेतली. जयाबाई थांबल्या, हसल्या, पदर सावरला. त्या माणसानं त्यांच्याकडे मान वळवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. नाक, डोळे, तोंड काही दिसलं नाही. नुसतं चमकलं.

"जया, माझं चुकलं!" वैजनाथराव ओरडले. हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आले. "जया, मीच चुकलो गं!"

जयाबाई त्या माणसाशी काहीतरी बोलत बोलत कोपऱ्यावरून वळल्या.

"पुढचे कोण आहेत? या," मोनिका म्हणाली.

बाकावरचा एक म्हातारा काठी टेकत उठला, आला, आणि वैजनाथराव बसले होते त्याच खुर्चीत बसला.